आरशातली चांदणी

दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांची तुकडी आली, की पहिल्या दिवशी मी त्यांना एकही व्याख्या सांगत नाही. टेबलावर आरसा उभा करते आणि त्याच्यासमोर एक कागद ठेवते. कागदावर पाच टोकांची चांदणी असते, एकात एक अशा दोन रेषांनी काढलेली. हात थेट दिसू नये म्हणून वर पुठ्ठ्याचा आडोसा. आरशात बघत, दोन रेषांमधल्या चिंचोळ्या वाटेतून पेन्सिल फिरवायची, एवढंच काम. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण पहिल्याच कोपऱ्यावर हात अडतो. पेन्सिल पुढे ढकलावी, तर आरशातली पेन्सिल उलट अंगावर येते. सावरायला जावं, तर रेष भलतीकडेच पळते. पहिली चांदणी पुरी होईपर्यंत कपाळाला घाम फुटतो. दहावी मात्र बरीच सुबक उतरते.

मग मी विचारते, "हात शिकला, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"मॅडम, मघाशी जमत नव्हतं, ते आठवतंय ना."

"आणि ते 'मघाशी' आठवतच नसतं तर?"

वर्ग गप्प होतो. या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या एका तरुण रुग्णानं दिलं. ते टिपून घेण्यासाठी एक बाई माँट्रियलहून रेल्वेनं त्याच्याकडे जात असत. त्यांचं नाव ब्रेंडा मिल्नर.

मी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. पुण्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची तपासणी करते, त्याला बावीस वर्षं झाली. माझ्या टेबलावरच्या चाचण्यांचा मागोवा घेतला, की वाट पुन्हापुन्हा कॅनडाला जाऊन पोहोचते. कॅनडाचं नाव काढलं की मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला आधी अल्बर्ट बांडुरा आठवतात. ते अल्बर्टा प्रांतातल्या एका खेड्यात वाढले आणि मुलं मोठ्यांचं बघून कशी शिकतात हे त्यांनी दाखवून दिलं. टोरांटोत वाढलेल्या मेरी एन्सवर्थ आठवतात, ज्यांनी तान्ह्या बाळाचं आईशी असलेलं नातं अभ्यासाचा विषय केलं. पण या दोघांचं गाजलेलं काम कॅनडाबाहेर झालं. मला सांगायचंय ते कॅनडाच्या भूमीवर उभ्या राहिलेल्या एका घराण्याबद्दल. गाण्यात घराणं असतं, तसं हे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचं घराणं. त्याचे मूळपुरुष डोनाल्ड हेब.

हेब यांचा जन्म १९०४ चा, नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या चेस्टर गावचा. आई-वडील दोघंही डॉक्टर; मुलाला व्हायचं होतं कादंबरीकार. पोटासाठी त्यांनी मास्तरकी केली, माँट्रियलमध्ये शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि तिथून मानसशास्त्राकडे वळले. १९३७ मध्ये ते माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूच्या शल्यविशारदाकडे आले. फिट्स येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचा बिघडलेला भाग पेनफिल्ड काढून टाकत आणि त्यानंतर माणसाच्या बुद्धीत काय फरक पडतो, हे हेब तपासत.

१९४९ मध्ये 'द ऑर्गनायझेशन ऑफ बिहेविअर' हे त्यांचं पुस्तक आलं. त्या काळी मानसशास्त्रात वर्तनवादाचा दबदबा होता. डोक्यात काय चालतं ते विचारू नका, बाहेर दिसतं तेवढं मोजा, असा शिरस्ता. हेबनी पुन्हा मेंदूकडे बोट दाखवलं. त्यांचं म्हणणं असं : एक चेतापेशी दुसरीला पुन्हापुन्हा चेतवत राहिली, की त्या दोघींमधला सांधा बळकट होतो. माळरानावर माणसं रोज एकाच बाजूनं चालली की पायवाट पडते, तसंच. शिकणं म्हणजे मेंदूत वाट पडणं. पुढच्या पिढ्यांच्या प्रयोगशाळांनी या विचाराला पुरावे जोडले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचं शिक्षण घेणारी मुलंसुद्धा हेबचा नियम शिकतात.

या नियमापेक्षा हेबचा एक प्रयोग मला जास्त जवळचा आहे. त्यांनी प्रयोगशाळेतले काही उंदीर घरी नेले. मुलींनी ते पाळले, घरभर हिंडू दिले. नंतर चक्रव्यूहाच्या परीक्षेत हे घरचे उंदीर पिंजऱ्यात वाढलेल्या भाऊबंदांपेक्षा सरस ठरले. बुद्धी जन्मतःच मोजून मिळते असं मानणाऱ्यांना हे मोठं उत्तर होतं.

ब्रेंडा मिल्नर याच हेबच्या विद्यार्थिनी. जन्म १९१८, मँचेस्टर. १९४४ मध्ये पतीबरोबर कॅनडात आल्या आणि तिथल्याच झाल्या. १९५० पासून त्या पेनफिल्डच्या रुग्णांची तपासणी करू लागल्या. तिथे त्यांना दोन विचित्र रुग्ण भेटले. मेंदूच्या एका बाजूची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांची नवी आठवण ठेवण्याची शक्तीच गेली होती. पेनफिल्ड आणि मिल्नर यांनी ही निरीक्षणं मांडली. ती वाचून अमेरिकेतल्या हार्टफर्डहून विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी कळवलं : माझ्याकडेही असाच एक रुग्ण आहे.

तो रुग्ण हेन्री मोलेसन. हयातभर जगाला तो 'एच. एम.' एवढ्याच आद्याक्षरांनी माहीत होता. तीव्र फिट्समुळे त्याचं जगणं अवघड झालं होतं. १९५३ मध्ये, त्याच्या वयाच्या २७ व्या वर्षी, स्कोव्हिलनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा 'हिप्पोकॅम्पस' नावाचा भाग आणि त्याच्या लगतची जागा बऱ्याच अंशी काढला. फिट्स पुष्कळ कमी झाल्या. बुद्धी शाबूत राहिली, बोलणं नीट, स्वभाव गरीब. लहानपणच्या गोष्टी सांगता येत. पण शस्त्रक्रियेनंतरचा एकही दिवस मनात टिकेना. मिल्नरबाई खोलीबाहेर जाऊन परत आल्या, की त्याच्यासाठी त्या नवख्या.

मिल्नरनी त्याला एकदा ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पंधरा मिनिटांनी त्यानं तो बिनचूक सांगितला. कसा ठेवलास, विचारल्यावर म्हणाला, सोपं आहे : आठ धरून ठेवायचे. पाच, आठ, चार यांची बेरीज सतरा. त्यातून आठ गेले, उरले नऊ. नवाचे दोन भाग, पाच आणि चार. झाले ५८४. इतका वेळ तो आकडा मनातल्या मनात घोळवत बसला होता. लक्ष दुसरीकडे गेलं मात्र, आकडा गेला, हिशेब गेला आणि आकडा दिला होता हेसुद्धा गेलं.

पुढे मिल्नरनी त्याच्यासमोर आरशातली चांदणी ठेवली. तीन दिवस, रोज दहा वेळा. पहिल्या दिवशी तो आपल्यासारखाच अडखळला. तिसऱ्या दिवशी त्याची रेष सफाईनं फिरत होती. आणि हे आपण पूर्वी कधी केलंय, याची त्याला गंधवार्ता नव्हती. इतकं अवघड दिसणारं काम आपल्याला कसं जमलं, याचं त्यालाच नवल वाटलं.

त्या चांदणीनं एक जुनी समजूत मोडली. स्मरणशक्ती ही एकच एक गोष्ट आहे, असं तोवर मानलं जाई. मिल्नरनी दाखवून दिलं, की प्रसंग लक्षात ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि हाताला वळण लावणारी वेगळी. एक मोडली तरी दुसरी चालू राहते. हेन्रीच्या विस्मरणावरचा स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा १९५७ चा शोधनिबंध मेंदूविज्ञानात पायाभूत मानला जातो.

या शोधाचा दुसरा धागा टोरांटोला जातो. तिथले मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंग हे मूळचे एस्टोनियाचे. युद्धानं देश सुटला आणि १९४९ मध्ये ते कॅनडात आले. १९७२ मध्ये त्यांनी प्रसंगाची स्मृती आणि ज्ञानाची स्मृती असा भेद मांडला. पॅरिस फ्रान्सची राजधानी आहे हे मला माहीत असतं, पण ते कधी, कुठल्या बाकावर बसून शिकले, हे आठवत नाही. माझ्या मुलीच्या बारशाचा दिवस मात्र मी आत शिरून पुन्हा पाहते. मोटरसायकलच्या अपघातात मेंदूला इजा झालेल्या 'के. सी.' या रुग्णाचा टुल्विंगनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याला जगाची माहिती होती, स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवत नव्हता. आणि उद्या काय करशील, असं विचारलं तर तिथेही त्याचं मन कोरंच राहायचं. ज्याला काल नाही, त्याला उद्याही दिसत नाही, ही गोष्ट त्या एका माणसाकडून आपण शिकलो.

घराण्यातले तिसरे रोनाल्ड मेल्झॅक, माँट्रियलचेच, जन्म १९२९. हेबच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकांतात वाढवलेली कुत्री पाहिली. जळती काडी दिसली, की ती नाक पुढे करत. चटका बसला तरी पुन्हा तिथेच जात. वेदना म्हणजे नुसतं कातडीकडून मेंदूकडे गेलेलं टपाल नव्हे. तिचा अर्थ लावायला मेंदू अनुभवातून शिकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६५ मध्ये वेदनेचा 'गेट कंट्रोल' सिद्धान्त मांडला. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक दार आहे. स्पर्शाचे संदेश ते लोटून घेतात, मेंदूही वरून ते उघडू-मिटू शकतो. कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि बरं वाटतं, त्याचा खुलासा इथे मिळतो.

पण मी मेल्झॅकना मानते ते शब्दांसाठी. तरुणपणी अमेरिकेतल्या एका वेदना-चिकित्सालयात त्यांना पाय कापलेली एक वृद्धा भेटली. नसलेला पाय दुखत होता आणि ते दुखणं ती नाना शब्दांत सांगत होती. मेल्झॅक ते शब्द लिहून घेऊ लागले. त्यातूनच पुढे १९७५ ची 'मॅकगिल वेदना प्रश्नावली' आली : ७८ शब्द, २० गट. किती दुखतं, याच्याआधी कसं दुखतं, हे विचारणारी.

मराठी माणसाला हे पटवून द्यायला नको. आपल्याकडे दाढ ठणकते, गळू ठसठसतं, काटा सलतो, जखम चुरचुरते, पोटात कळ येते, कंबरेत उसण भरते, पायांत गोळे येतात, तळवे भगभगतात. आमच्या ओपीडीत एक काका पायांचं दुखणं घेऊन आले होते. दहापैकी किती, या प्रश्नावर ते नुसते बघत राहिले. कसं दुखतं विचारल्यावर म्हणाले, "दुखत न्हाई बाई, आग होतीया. रातच्याला मुंग्या चावल्यागत." त्या दोन वाक्यांनी मज्जातंतूंच्या विकाराकडे बोट दाखवलं आणि तपासणीत मधुमेह निघाला. सांध्याचं दुखणं असतं, तर शब्द वेगळे आले असते.

या घराण्याची वंशावळ पुढेही वाढली. मेल्झॅकच्या हाताखाली पीएचडी केलेले जॉन ओकीफ यांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं, ते हिप्पोकॅम्पसमधल्या, जागेची ओळख ठेवणाऱ्या पेशी शोधल्याबद्दल. त्याच वर्षी मिल्नर यांना काव्ली पारितोषिक मिळालं.

याच मॅकगिलशी जोडलेलं एक काळं पानही मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. १९५० च्या दशकात तिथल्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये इवेन कॅमरून या मनोविकारतज्ज्ञानं रुग्णांची मनं पुसून नव्यानं घडवायचा घाट घातला. औषधांनी लादलेली दीर्घ झोप, विजेचे झटक्यांवर झटके, कानावर सतत आदळणारी ध्वनिमुद्रित वाक्यं. रुग्णांची खरी संमती नव्हती आणि काही पैसा अमेरिकी गुप्तचर खात्याकडून येत होता. माणसं आयुष्यातून उठली. त्याच शहरात, त्याच काळात एक शास्त्रज्ञ गेलेल्या स्मृतीतून काय उरलंय ते हळुवारपणे शोधत होती आणि दुसरा असलेली स्मृती खरवडून काढत होता. रुग्णाकडे माणूस म्हणून पाहायचं की कच्चा माल म्हणून, यात सगळा फरक आहे.

कॅनडातल्या संशोधनाचा आपल्या देशाशी थेट जोडलेला धागा अलीकडचा आहे. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या एलन बिअलिस्टोक यांनी २००७ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवलं, की दोन भाषा वापरणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा दिसली. २०१३ मध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेतल्या ६४८ रुग्णांमध्ये साडेचार वर्षांचा फरक नोंदवला, निरक्षरांमध्येसुद्धा. या निष्कर्षांवर अजून वाद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण घरात एक, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या समाजासाठी हा प्रश्न लाखमोलाचा आहे.

मागच्या दिवाळीच्या आधी एक सून सासूबाईंना घेऊन आली. वय चौऱ्याहत्तर, निदान अल्झायमर. "आज वार कोणता?" हा प्रश्न आजींनी अर्ध्या तासात सहा वेळा विचारला. मी सुनेला म्हटलं, फराळाला बसाल तेव्हा यांच्या हातात करंजीची पारी द्या. आठवड्यानं तिनं फोनवर व्हिडिओ दाखवला. आजींनी पारीत सारण भरलं, कडेला दुधाचं बोट फिरवलं आणि अंगठ्यानं मुरड घालत गेल्या. एकसारखी, नाजूक, एकही टाका न चुकता. करंजी ताटात ठेवल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "किती सुरेख मुरड आहे गं, कुणी घातली?" मला तिथे आरशातली चांदणी दिसली.

म्हणून या दिवाळीत एक विनंती. फराळाला जाल त्या घरी विसरणारे आजी-आजोबा असतील, तर "ओळखा पाहू मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. त्या प्रश्नाचं उत्तर देणारी वाट त्यांच्या मेंदूत पुसली गेलेली असते आणि चारचौघांत त्यांना फक्त ओशाळं वाटतं. जवळ बसा, आपलं नाव आपणच सांगा आणि त्यांच्या हाताला येणारं काम हाती द्या. कुठे दुखत असेल, तर किती यापेक्षा कसं दुखतं ते विचारा आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या.