निवळ पाणी

आमच्या घरांत कोळंबीनें स्वयंपाकघराचा उंबरठा कधीं ओलांडला नाहीं. परंतु गेल्या ज्येष्ठांत ती थेट दिवाणखान्यांत येऊन बसली, आणि तीही आमच्याच संमतीनें! धाकट्या नातवानें वाढदिवसाला कांचेची टाकी मागितली, व तींत चीन-तैवानकडील गोड्या पाण्यांतल्या, इंचभर लांबीच्या, डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल अशा वीस कोळंब्या सोडल्या. वहिनींनीं प्रथम नाक मुरडलें. पुढें मात्र त्या वाती वळावयास टाकीसमोरच बसूं लागल्या.

पाण्याची देखरेख आम्हीं आपण होऊन पतकरली. आमच्या लहानपणीं पावसाळ्यांत नदीचें पाणी गढूळ आलें कीं आजी निवळीचें बीं उगाळून हंड्यांत घाली. थोड्या वेळानें गाळ तळीं बसे. निवळ तें पाणी चांगलें, ही समजूत तेव्हांपासून आमच्या मनांत घट्ट बसली होती. टाकीच्या कडेला टांगलेल्या गाळणींत एक स्पंज व सक्रिय कोळशाची एक पुरचुंडी असते. नारळाच्या करवंटीपासून केलेला हा कोळसा मोठा नवलाचा! त्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून पसरतां आला, तर तो ५०० चौरस मीटरांहूनही अधिक भरेल. पाण्यांतील रंग, वास, औषधांचे अंश त्याला चिकटून बसतात. टाकींतल्या ओंडक्यामुळें चहासारखें पिंगट झालेलें पाणी थोड्याच दिवसांत स्फटिकासारखें दिसूं लागलें, तेव्हां आल्यागेल्याला तें दाखविण्याची एकही संधि आम्हीं दवडली नाहीं.

ह्याच अभिमानाच्या भरांत एका रविवारीं आम्हीं तो चिखलट स्पंज नळाच्या धारेखालीं स्वच्छ होईपर्यंत पिळून धुतला, आणि नव्या कोळशासह जागेवर ठेवला. तिसऱ्या दिवशीं तळाशीं तीन कोळंब्या मरून पडल्या होत्या. चौथ्या दिवशीं आणखी पांच. पाणी तर आरशासारखें! "तूंच खाणें जास्त टाकलें असशील," असें आम्ही नातवाला म्हणालों. तो रडला नाहीं. पण त्या रात्रीं जेवलाही नाहीं, हें आम्हांस मागाहून कळलें.

त्याची आई, म्हणजे आमची धाकटी सून, रसायनशास्त्राची पदवीधर. तिनें बाजारांतून तपासणीचा द्रव आणविला. नळींतल्या पाण्यांत थेंब टाकले, तों जें पिवळें राहावयास हवें होतें तें हिरवें झालें.

"मामंजी, हा अमोनिया," ती म्हणाली. "पाणी निवळलें आहे, पण शुद्ध झालेलें नाहीं. कोळसा रंग धरतो. अमोनिया त्याच्या हातीं लागत नाहीं." आणि मग हळूच, "स्पंज कोणीं धुतला?"

कोळंबीच्या मलमूत्रांतून व कुजणाऱ्या अन्नांतून अमोनिया सुटतो. आम्हीं ज्याला मळ समजून धुऊन काढलें, त्यांतच तो पचविणारे जंतु नांदत होते: कांहीं अमोनियाचें नायट्राइट करतात, कांहीं त्याचें पुढें नायट्रेट, आणि तें पुष्कळच कमी बाधतें. नळाच्या पाण्यांतला क्लोरीन तर जंतु मारण्याकरितांच घातलेला असतो; त्यानें आपलें काम चोख बजावलें.

सूनबाईंनीं थोडें पाणी बदलून गाळणींत झिओलाइटची पुरचुंडी ठेवली. हें एक सच्छिद्र खनिज आहे; अमोनियाला धरून ठेवतें व बदल्यांत सोडियम सोडतें. भरून गेलें कीं मिठाच्या पाण्यांत बुडवावें, म्हणजे हीच देवघेव उलटी होते व तें पुन्हां कामास येतें. परंतु तेंही तिनें बेतानेंच घातलें. सगळा अमोनिया खनिजानेंच गिळला तर नव्या जंतूंनीं उपाशी राहावें कीं काय? नातवाच्या एका मित्राकडून त्याच्या टाकींतला मळका स्पंज मागून आणला, तो आमच्या गाळणींत बसविला, आणि महिन्याभरानें झिओलाइट काढून घेतलें. मध्यंतरीं वहिनींनीं मायेनें तांब्याच्या घागरींत रात्रभर ठेवलेलें पाणी टाकींत घालावयास आणलें होतें. तेंही सूनबाईंनीं अदबीनें अडविलें. कोळंबीच्या रक्तांतच तांबें असतें, तरी पाण्यांत उतरलेलें अल्पसें तांबेंही तिला विषासारखें होतें.

चूक आमची होती, हें नातवाला सांगण्यास आम्हांस दोन दिवस लागले. वयाचा ताठा, दुसरें काय!

तो म्हणाला, "आजोबा, मीं तुम्हांला स्पंज धुतांना पाहिलें होतें. नळाखालीं धुवूं नये, असें मीं वाचलें होतें."

"मग बोलला कां नाहींस?"

"तुम्ही किती खूष होतां!"

बारा कोळंब्या उरल्या. त्यांतल्या दोघींच्या पोटाखालीं आतां अंडीं दिसतात. कोळशाची पुरचुंडी एरवीं आम्ही काढूनच ठेवतों. औषध घालावें लागलें, तर तें ओढून घेण्यापुरती ती बाहेर येते. पाणी किंचित् पिंगट राहतें. टाकी साफ करीत नाहीं कां, असें पाहुणे विचारतात, आणि आम्ही तोंड उघडण्यापूर्वींच वहिनी त्यांना अमोनियाची सारी हकीगत सांगूं लागतात.