बामणोलीहून वासोट्याकडे

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर आलो, तेव्हा फुलांचा हंगाम सरला होता. तिथून उताराला लागून बामणोली गाठली. समोर शिवसागर. कोयना धरणाने अडवलेलं हे पाणी, साठवण जवळपास 105 टीएमसीची, सह्याद्रीच्या दऱ्यांत वाट मिळेल तिकडे शिरलंय.

वनखात्याची परवानगी काढून लाँचमध्ये बसलो. वासोटा किल्ल्याचा पायथा इथून दीडएक तासावर. दोन्हीकडे जंगलाने काळेभोर झालेले डोंगर, आणि जंगल व पाणी यांच्यामध्ये तांबड्या मातीचा उघडा पट्टा. त्यावर एकाखाली एक रेघा उमटलेल्या. पाणी उतरताना जिथे जिथे रेंगाळलं तिथली प्रत्येक खूण मातीने जपलेली.

लाँचवाल्याने एका वळणावर पाण्याकडे बोट केलं. "आज्याचं घर ह्या अंगाला होतं, पाव्हणं. भाताची खाचरं पार तिथवर." 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं आणि खोऱ्यातली गावं उठली. कुणी डोंगराच्या अंगाने वर सरकलं, कुणी दूरच्या जिल्ह्यांत गेलं. इथे नौकाविहाराला येणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हे अशा माणसाच्या तोंडून ऐकावं, असं मला फार वाटतं.

पायथ्याला वनरक्षकाने आमच्या पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे मोजून वहीत लिहिले; परतताना तेवढेच दाखवायचे. ही शिस्त मनापासून पटली. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख, इथे मुक्कामालाही मनाई. ओढा ओलांडला की दाट झाडी सुरू होते, ऊन खाली पोचतच नाही. शेवटची चढण मात्र उघड्यावरची, दमवणारी.

माथ्यावर बिनछपराचा मारुती, पुढे महादेवाचं देऊळ आणि घोड्याच्या नालेसारखा वळलेला उभा बाबूकडा. पण मी खिळलो तो माचीवर. एका बाजूला शिवसागराचे निळे फाटे, दुसरीकडे थेट कोकणात कोसळलेली दरी. कोयना मुळात कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाणारी नदी. माणसाने डोंगर पोखरून तिचं बरंचसं पाणी पश्चिमेला वळवलं; ते पोफळीच्या वीजघरात वीज देतं आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. लाँचवाल्याच्या आज्याची खाचरं गेली ती याच पाण्यासाठी.