राजाबाई टॉवरचा छोटा काटा

मुंबईत चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडलं की पाच-दहा मिनिटांत ओव्हल मैदान लागतं. सुट्टीच्या दिवशी तिथे एकाच वेळी इतके क्रिकेटचे सामने चालू असतात, की कुठला चेंडू कुणाचा हेच बघणाऱ्याला कळत नाही! मैदानात उभं राहून पूर्वेकडे पाहा. डावीकडे उच्च न्यायालय, आणि त्याच्या शेजारी मुंबई विद्यापीठाच्या आवारातून वर गेलेला राजाबाई टॉवर. उंची २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. मान पार मागे टाकावी लागते.

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पकाराने त्याचा आराखडा केला. बांधकाम १ मार्च १८६९ रोजी सुरू झालं आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरं झालं. त्यासाठी प्रेमचंद रायचंद या कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी दोन लाख रुपये दिले. त्या काळचे दोन लाख बरं का! मनोऱ्याला आपल्या आईचं नाव द्यावं, एवढीच त्यांची इच्छा. राजाबाई हे त्या आईचं नाव. असं सांगतात, की त्यांना दिसत नसे. जैन धर्माच्या रीतीप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं, तर वेळ कळायची कशी? घड्याळाचे ठोके ऐकून!

आमच्या तिसरीच्या वर्गाची सहल इथे न्यायची, असं मी ठरवलं त्याला कारण होतं. वर्गात घड्याळ शिकवताना मुलं एका जागी हमखास अडतात. साडेतीन वाजलेले असतात. मोठा काटा सहावर, छोटा तीन आणि चार यांच्या मधोमध. मुलांना चारच दिसतो आणि ती ओरडतात, ‘‘साडेचार!’’ माझ्या वर्गातली एक मुलगी दोनदा अशी चुकली, मुलं हसली, आणि तिने हात वर करणंच सोडलं. घरी आई-वडील कामावर. आजीला दुपारी साडेतीनची गोळी सुट्टीच्या दिवशी हीच देते. पण घड्याळ बघून नाही, शेजारच्या काकूंना विचारून. काकू घरी नसल्या की पंचाईत.

मैदानात पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. टॉवरची आमच्याकडची तबकडी छान उजळली होती. मी म्हटलं, ‘‘आज मोठ्या काट्याकडे बघायचंच नाही. फक्त छोटा काटा सांगा. कुठे आहे?’’

‘‘चारजवळ, बाई.’’

‘‘पोचला का चारवर?’’

‘‘नाही, थोडासा राहिलाय.’’

‘‘किती?’’

सगळे गप्प. मग मागून तीच मुलगी हळूच म्हणाली, ‘‘पाव राहिलाय, बाई. पावणेचार.’’

आता मोठा काटा बघायला सांगितलं. तो बरोबर नऊवर! या वेळी मुलं हसली नाहीत. ‘‘तुला कसं कळलं?’’ म्हणून तिच्याभोवती गोळा झाली.

मुलांनो, तिला कसं कळलं ते आपल्या मराठीतच दडलंय. पावणे म्हणजे पाव उणे. छोटा काटा चारला पोचायला पाव घर कमी आहे. सव्वा हा शब्द संस्कृतातल्या ‘सपाद’वरून आला, म्हणजे पावासकट. काटा चार सोडून पाव घर पुढे गेला की सव्वाचार. साडे आला ‘सार्ध’वरून, म्हणजे अर्ध्यासकट. तीन झाले आणि वर अर्धं घर चालून झालं की साडेतीन. काटा चारला अजून पोचलाच नाही, मग साडेचार कसे होतील? दीड आणि अडीच तेवढे वेगळे, ते पाठच करायचे. मोठा काटा आपल्याला नेमकी मिनिटं सांगतो, पण कितीचा तास चाललाय ते छोटाच सांगतो. तो उडी मारत नाही, गोगलगायीसारखा सारखा सरकत असतो.

तुम्हीही करून पाहा. पुठ्ठ्याची तबकडी कापा, त्यावर १ ते १२ आकडे लिहा आणि टाचणीने एकच काटा लावा, छोटा! पावणे, सव्वा, साडे असं कुणीतरी सांगायचं आणि तुम्ही काटा लावायचा. आठवडाभराने मोठा काटा जोडा.

पालकांनो, आकडे दाखवणारं घड्याळ मुलाला वेळ आयती देतं. म्हणून घरात काट्यांचं एक घड्याळ असू द्या, तेही मुलाच्या नजरेच्या उंचीवर. आणि उत्तर चुकलं तर हसू नका. ‘‘पोचला का काटा?’’ एवढंच विचारा.

आमच्या त्या मुलीला आता काकूंची वाट बघावी लागत नाही. आजीची गोळी साडेतीनला म्हणजे साडेतीनलाच!