चाफ्याच्या पायऱ्या

लाओ भाषेत नदीला ‘मे नाम’ म्हणतात. मे म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी. चीन, म्यानमार, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या पाच शेजाऱ्यांच्या मध्ये वसलेल्या लाओसला समुद्र नाही. त्याची सगळी भिस्त मेकाँगवर. लुआंग प्रबांग या शहरात पोहोचले त्याच संध्याकाळी मी नाम खान नदी मेकाँगला मिळते त्या टोकावर जाऊन बसले. नाम खानवर बांबूचा साकव होता. पावसाळ्यात पाणी चढण्याआधी तो काढून घेतात आणि पूर ओसरला की नव्याने बांधतात. कोकणातले साकव पाहत वाढलेल्या मला तो लगेच ओळखीचा वाटला.

पावसाळ्याचे तीन महिने इथले भिक्खू आपापल्या विहारातच मुक्काम करतात. या काळाला ‘फन्सा’ म्हणतात. हा शब्द मूळचा ‘वर्षा’. आपल्या चातुर्मासाचंच हे सख्खं भावंड. साधारण कोजागरीच्या सुमारास फन्सा संपतो, तेव्हा लुआंग प्रबांगचे लोक कागद-बांबूच्या नावा दिव्यांनी सजवून मेकाँगमध्ये सोडतात. मी गेले फेब्रुवारीत, त्यामुळे तो सोहळा हुकला. पहाटेची भिक्षा मात्र रोजचीच असते.

उजाडायच्या आत बायका रस्त्याकडेला चटया टाकून गुडघ्यांवर बसतात. समोर वेताची झाकणाची टोपली, तीत वाफाळता चिकट भात. अनवाणी भिक्खूंची भगवी रांग येते, प्रत्येकाच्या पात्रात भाताचा एकेक लहान गोळा पडतो. कुणी बोलत नाही. रांगेच्या शेवटी काही गरीब मुलं रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. लहान सामणेरांनी, म्हणजे शिकाऊ भिक्खूंनी, आपल्या पात्रातला भात काढून त्यांच्या टोपल्यांत ठेवला. युनेस्कोने 1995 मध्ये या शहराला जागतिक वारसा ठरवलं आणि पर्यटकांचा ओघ वाढला. भिक्खूंच्या तोंडावर फ्लॅश पाडणारेही आले. मला ते पाहवलं नाही. रस्त्याच्या पलीकडे उभं राहूनही सगळं दिसतं.

संगमाजवळच वाट शिएंग थाँग आहे. सोळाव्या शतकात राजा सेत्थाथिरात याने बांधलेलं हे मंदिर. त्याचं छप्पर थराथराने उतरत जवळजवळ जमिनीला टेकतं. मागच्या भिंतीवर रंगीत काचांच्या तुकड्यांनी घडवलेला एक मोठा वृक्ष आहे. ऊन पडलं की तो पेटतो.

तिथून पूर्वेला फोनसावानपर्यंत दिवसभराचा घाटरस्ता. तिथल्या पठारावर आणि भोवतीच्या डोंगरांत दगडी रांजण विखुरलेले आहेत, 2,100 हून अधिक. काही माणसापेक्षाही उंच. राक्षसांनी त्यांत दारू गाळली असं गावकरी सांगतात. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मादलेन कोलानी यांनी 1930 च्या दशकात इथे उत्खनन केलं, आणि हे रांजण अंत्यविधीशी निगडित असल्याचा निष्कर्ष काढला. ते लोहयुगातले आहेत.

पण इथे नजर रांजणांआधी जमिनीकडे जाते. वाटेच्या कडेला लहान चौकोनी खुणा पुरलेल्या आहेत, अर्धी बाजू पांढरी, अर्धी लाल. पांढऱ्या बाजूची जमीन बॉम्ब शोधून साफ केलेली, लाल बाजूची नाही. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. लोकसंख्येच्या मानाने एवढा बॉम्बवर्षाव दुसऱ्या कुठल्याच देशावर झालेला नाही. एका मोठ्या कवचातून चेंडूएवढे शेकडो बॉम्ब उधळत. लाओ लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. असे 27 कोटींच्या आसपास बॉम्बी पडले आणि त्यांतले सुमारे 30 टक्के फुटलेच नाहीत. युद्ध संपल्यानंतरही त्यांनी हजारो माणसांना मारलं, पांगळं केलं. नांगरताना, चुलीसाठी खड्डा खणताना, मुलं खेळताना. रांजणांच्या मधोमध बॉम्बने पडलेला एक खोल खड्डा गवताने भरून गेला आहे. त्याच्या काठाशी मी बराच वेळ उभी होते.

जवळच्या बान नाफिया गावात युद्धातल्या धातूच्या भंगारातून चमचे ओततात. राखमिश्रित साचा, वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम, दोन मिनिटांत चमचा तयार. मी दोन घेतले. अजून स्वयंपाकघरात आहेत.

राजधानी व्हिएनतियानमध्ये पा थात लुआंगचा सोनेरी स्तूप तेवढा पाहिला आणि रात्रीच्या बसने दक्षिणेला निघाले. मुख्य ओढ वाट फूची होती.

चंपासाक गावाबाहेर एका डोंगराच्या माथ्यावर सुळका आहे. तो स्वयंभू लिंगासारखा दिसतो, म्हणून प्राचीन लोकांनी डोंगरालाच लिंगपर्वत मानलं. पायथ्याशी ख्मेर राजवटीत शिवमंदिर उभं राहिलं, तेच वाट फू. आज दिसणारं बरंचसं बांधकाम अकराव्या ते तेराव्या शतकातलं. शिखरापासून मेकाँगपर्यंत, सुमारे 10 किलोमीटरच्या पट्ट्यात मंदिरं, तळी आणि पाण्याच्या वाटा यांची एक आखीव रचना ख्मेरांनी केली. 2001 मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पडझड झालेले दगड पुन्हा जागच्या जागी बसवायच्या कामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचाही हात आहे.

वर गाभाऱ्याकडे जाणाऱ्या उभ्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना चाफ्याची जुनी झाडं आहेत. पानं गळालेली, फांद्या वेड्यावाकड्या आणि टोकांना पांढरी फुलं. आपल्या देवळांच्या आवारातला तोच पांढरा चाफा. इथे त्याला ‘दोक चंपा’ म्हणतात. लाओसचं ते राष्ट्रीय फूल आहे. पायऱ्यांवर पडलेली फुलं चुकवत मी चढत होते.

गाभाऱ्यात आता बुद्धमूर्ती आहेत. दाराच्या वरच्या पट्टीवर ऐरावतावर बसलेला इंद्र तसाच आहे. मागच्या कातळावर ब्रह्मा, विष्णू आणि महेश कोरलेले, आणि त्याच कड्यातून झरा पाझरतो. पूर्वी हे पाणी दगडी पन्हळीतून थेट गाभाऱ्यात येई आणि लिंगावर अखंड अभिषेक होई. लिंग गेलं, पाणी राहिलं.

एक आजी बाटली भरत होती. माझ्याकडे पाहून तिने ओंजळ पुढे करायची खूण केली. मी ओंजळ धरली. पाणी थंड होतं, थोडं मातीच्या चवीचं. तिने उरलेलं माझ्या डोक्यावर शिंपडलं, कानामागचं चाफ्याचं फूल काढून माझ्या हातात ठेवलं आणि बाटलीचं झाकण लावत पायऱ्यांकडे निघाली.