मिरजेची सतारमेकर गल्ली

गोंदिया जिल्ह्यातील आमचे दवनीवाडा कुठे आणि मिरज कुठे! एक टोक धानाच्या बांध्यांचे, दुसरे उसाच्या फडांचे. पण गोंदियाला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले की गाडी बदलावी लागत नाही. नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे, सातारा मागे टाकीत ती दुसऱ्या दिवशी मिरजेला पोहोचवते. गायन पार्टीची पेटी आणि ढोलकी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु वाद्य घडते कसे, हे कधी पाहिले नव्हते. तेच पाहण्यासाठी आम्ही मुलाबाळांसह निघालो.

मिरज हे गाण्याचे गाव. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. ते 1937 साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ इथे दरवर्षी संगीताची मैफल भरते. खाँसाहेबांचे नाव देशभर झाले. मात्र गवयाच्या मागे जो तानपुरा झंकारतो, तो घडविणारे हात सतारमेकर गल्लीत आहेत.

या कारागिरांचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाले, सुऱ्यांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजांचे राज्य आले, हत्यारांची मागणी घटली, हाताला काम उरेना. तेव्हा, म्हणजे 1850 च्या सुमारास, फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडविण्याचे कसब हस्तगत केले. पुढे घरातली आणि नात्यातली मंडळी त्यात आली. वाचकहो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. यातील अनेक घराण्यांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. जन्माने जो धंदा वाट्याला आला त्याचे नाव मागे पडले आणि शिकून मिळविलेल्या कसबाचे नाव पुढे आले.

कारखाना म्हणजे काही मोठे यंत्रघर नव्हे. लहानशी खोली, भिंतीला टांगलेले वाळके भोपळे, जमिनीवर लाकडाचा भुसा. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. ते कडू असतात आणि पंढरपूरच्या बाजूचे शेतकरी ते वाद्यांसाठीच पिकवितात. भोपळा वेलीवर पूर्ण पोसून पुढे कडक वाळावा लागतो. मग तो कापून, भिजवून, आतला गर आणि बिया काढून साफ करतात. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली बसते. वर गळा, दांडी, खुंट्या. पुरुषांच्या आवाजासाठी भोपळा मोठा, बायकांच्या आवाजासाठी लहान. शेवटी लाखेचे पॉलिश. ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. आपल्याकडे पळसाला काय तोटा!

सर्वांत नाजूक काम जवारीचे. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसीने किंचित उतरता घासतात. तार त्याला हलकेच घासून गेली की तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. कानस जरा जास्त फिरली की नाद बसलाच. याला मोजपट्टी नाही. कान हेच माप!

साता समुद्रापलीकडेही असेच घडले आहे. शहरातील मुलांच्या हाती हल्ली युकुलेले नावाचे चार तारांचे, चिमुकल्या गिटारीसारखे वाद्य दिसते. 1879 साली पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी मजुरांचे जहाज हवाई बेटांवर आले. त्यात मॅन्युएल नुनेस, आगुस्तो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. मळ्यातला करार संपल्यावर त्यांनी आपल्या बेटावरच्या छोट्या वाद्यावरून तिथल्या कोआ लाकडात हे वाद्य घडविले. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याची लाट आली आणि मार्टिनसारखी गिटारींची मोठी कंपनीही ते बनवू लागली. नुनेस यांच्या हाताखाली शिकलेल्या सॅम्युएल कामाका यांनी 1916 साली होनोलुलूत स्वतःचे काम सुरू केले. आजही त्यांच्या घरचीच माणसे तो कारखाना चालवितात. धार लावणारे असोत की ऊसतोडीचे मजूर, सूर कष्टाच्या हातांतूनच निघाला.

आज मिरजेपुढे अडचण आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर भागवता येते, मोबाइलमध्येही तानपुरा फुकट वाजतो. खऱ्या वाद्याला मात्र भरपूर दिवस लागतात, आणि त्या मानाने हाती काय उरेल या विचाराने तरुण कचरतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता दुसरीकडचे वाद्य मिरजेचे म्हणून विकण्यास कायद्याने आडकाठी आहे. हे चांगलेच झाले. पण केवळ मानांकनाने कारागीर तयार होत नाही. त्यासाठी शिकणारा हात हवा आणि मेहनतीचे मोल देणारे गिऱ्हाईक हवे.

आपल्यापुरते सांगायचे तर, गावात पेटीचा भाता फाटला की गोंदियाची वाट धरावी लागते. पेटीची दुरुस्ती, ढोलकीला पान चढविणे ही कामे आपल्या मुलामुलींनी का शिकू नयेत? शाळा-कॉलेज सांभाळून ती शिकता येतील. आणि पुढच्या कार्यक्रमात गायकाला टाळ्या दिल्यावर, वाद्य कोणी घडविले हेही एकदा विचारा. ते नावही घरच्या मुलांना ठाऊक असू द्या.