ऊर्फ

माझ्या आजीची, म्हणजे आईच्या आईची, दोन नावं होती. माहेरची द्वारका, सासरची सरस्वती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव संपलं, असा तेव्हाचा हिशोब. पण माहेरच्या जमिनीच्या कागदांवर ती द्वारकाच राहिली. पुढे वारसनोंदीची वेळ आली तेव्हा या दोन बायका म्हणजे एकच बाई, हे सिद्ध करता करता मामाच्या चपला झिजल्या. शेवटी कागदावर 'सरस्वती ऊर्फ द्वारका' असं आलं आणि मामा सुटला.

मी स्वतः पुढे ३१ वर्षं तहसील कचेरीत काढली. फेरफार, वारसनोंदी, नावातले बदल. त्यामुळे 'ऊर्फ' या एवढ्याशा शब्दाची किंमत मला चांगली ठाऊक आहे. पण निवृत्त झाल्यावर हा शब्द ओढ्यातल्या किड्यांच्या बाबतीत पुन्हा भेटेल असं काही वाटलं नव्हतं!

माझी भाची प्राणिशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय : घाटातल्या ओढ्यांमधले कॅडिसफ्लाय. (मी आपलं कॅडिसच म्हणणार.) तुम्ही पावसाळा सरल्यावर घाटात गेला असाल, ओढ्यात पाय सोडून बसला असाल, तर हा प्राणी तुमच्या पायाशी होता. एखादा दगड उलटा करून बघा. वाळूच्या कणांची चिकटवलेली नळी, किंवा पानाच्या तुकड्यांची चौकोनी पेटी, आणि तिच्यातून डोकं काढणारी अळी. स्वतःच्या तोंडातून रेशीम काढून ती हे घर बांधते. काही जाती घर बांधत नाहीत, दगडाला जाळी लावून वाहत्या पाण्यातलं अन्न गाळून खातात. मोठी झाली की कोष, आणि मग त्यातून निघतो मळकट रंगाचा, पतंगासारखा दिसणारा किडा. दिव्यावर येतो, आपण झटकून टाकतो. पतंग-फुलपाखरांचे हे सख्खे चुलत. त्यांच्या पंखांवर खवले असतात, यांच्या पंखांवर केस. म्हणून यांच्या गणाचं नाव ट्रायकॉप्टेरा, केसाळ पंखवाले. जगात आजवर १६,००० हून जास्त जातींना नावं मिळाली आहेत, आणि उष्ण कटिबंधात नाव न मिळालेल्या कितीतरी पडून आहेत.

तर झालं असं. भाचीला एका ओढ्याची जुनी यादी मिळाली. १९७८ साली कुणीतरी प्रबंधासाठी त्याच ओढ्यातले प्राणी गोळा केले होते. तिनं आपली यादी शेजारी ठेवली आणि मला फोन केला.

"मावशी, तीन वंश गायब आहेत. आणि तीन नवीनच आलेत."

"अगं, गायब म्हणजे काय, गावातून उठून गेले?"

"तेच तर कळत नाहीये. तू जन्मभर याद्या जुळवल्यास ना? ये की दोन दिवस."

गेले. जुन्या यादीत असलेले आणि नव्या यादीत नसलेले : माक्रोनेमा, चिमाऱ्हा, गोएरोडेस. नव्या यादीत असलेले आणि जुन्यात नसलेले : माक्रोस्टेमम, चिमारा, हेलिकोसायकी. तीन गेले, तीन आले. अहवालात लिहायला किती सोपं, 'ओढ्यातील प्राणिजीवनात लक्षणीय बदल'. मी अशा सोप्या वाक्यांना घाबरते. कचेरीत ज्या नोंदी सोप्या वाटायच्या त्याच पुढे कोर्टात जायच्या.

चिमाऱ्हाचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. स्टीफन्सनं १८२९ मध्ये ठेवलेलं नाव चिमारा. पुढच्या पंडितांना वाटलं की ग्रीक शब्दाप्रमाणे त्यात एक 'एच' हवा, म्हणून त्यांनी तो घातला, आणि कित्येक दशकं पुस्तकांत तसंच छापलं गेलं. आता पुन्हा मूळ स्पेलिंग. प्राणी तोच, नारिंगी डोक्याचा, तोच दगड, तीच जाळी. म्हणजे आमच्याकडे 'कुळकर्णी'चं 'कुलकर्णी' होतं त्यातला प्रकार.

माक्रोनेमाची गोष्ट मोठी आहे. हे नाव पिक्तेचं, १८३६ सालचं. अर्थ साधारण 'लांब दोरा', कारण या किड्याच्या मिशा अंगापेक्षा कितीतरी लांब. मग आशियातून, आफ्रिकेतून, ब्राझीलमधून लांब मिशांचा, नक्षीदार पंखांचा जो तसा कॅडिस येईल त्याला याच टोपलीत टाकलं गेलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये फ्रान्सिस वॉकर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी कीटकांच्या हजारो जातींना इतक्या झपाट्यानं नावं दिली की मागून येणाऱ्यांचं निम्मं आयुष्य ती निस्तरण्यात गेलं. त्यांनी १८५२ मध्ये एकाला नाव दिलं माक्रोनेमा फास्टोसम. फास्टोसम म्हणजे तोरा मिरवणारा. ही सगळी माणसं बघत होती ते टाचणीला टोचलेले वाळके प्रौढ किडे. अळी कुठे राहते, काय बांधते, हे कुणी बघितलेलंच नव्हतं.

१९८२ मध्ये स्मिथसोनियनचे ऑलिव्हर फ्लिंट आणि मेक्सिकोचे होआकिन बुएनो-सोरिया यांनी अळ्या बघितल्या, आणि टोपलीत दोन वेगळी घराणी आहेत असं त्यांच्या लक्षात आलं. मग दुसऱ्या घराण्याला नवं नाव द्यायचं? नाही. नियम असा की आधी कुणी नाव देऊन ठेवलं असेल तर तेच वापरायचं. कोलेनातीनं १८५९ मध्ये ठेवलेलं आणि नंतर अडगळीत पडलेलं माक्रोस्टेमम हे नाव त्यांनी पुन्हा वर काढलं. माक्रोनेमा दक्षिण आणि मध्य अमेरिकेकडे राहिलं, आपल्याकडच्या आणि आफ्रिकेतल्या जाती माक्रोस्टेमममध्ये गेल्या. वॉकरचा तोरेबाज आता 'माक्रोस्टेमम फास्टोसम (वॉकर, १८५२)'.

तो कंस बघितलात? मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तो कंस. पहिल्यांदा ज्यानं नाव दिलं त्याचं नाव जातीच्या पुढे लावतात. जात मूळच्याच वंशात असेल तर कंस नाही. दुसऱ्या वंशात गेली की नाव कंसात. म्हणजे कंस दिसला की समजायचं, हिचं माहेर वेगळं आहे. शिवाय जातीचं स्वतःचं नाव ती घेऊन जाते, फक्त नव्या वंशाच्या लिंगाप्रमाणे शेपूट बदलतं. लिनेयसनं १७५८ मध्ये जिला फ्रिगानिया रॉम्बिका म्हटलं ती आता लिम्नेफिलस रॉम्बिकस (लिनेयस, १७५८). आमच्या आजीपेक्षा या किड्यांची सोय बरी झाली. आडनाव बदललं पण पहिलं नाव राहिलं, आणि माहेरची नोंदही.

'शास्त्रज्ञांना दुसरे उद्योग नाहीत, उगाच नावं बदलत बसतात' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा त्रास खरा आहे, नाही असं नाही. अमेरिकेतल्या एका माक्रोस्टेममची अळी वाळू-रेशमाची खोली बांधते, तिला प्रवाहाकडे तोंड केलेली नळी ठेवते आणि आत अतिशय बारीक विणीची जाळी लावते. यावरचा सुंदर अभ्यास १९७५ मध्ये छापला गेला, पण माक्रोनेमा या नावानं. नवं नाव टाकून शोधणाऱ्याला तो चटकन सापडायचा नाही. आपल्याकडेही तेच. मार्टिन मोझली यांनी १९३० च्या दशकात भारतातल्या कॅडिसवर लेखमाला लिहिली, ती मुंबईच्या बीएनएचएसच्या जर्नलमध्ये. सोन्यासारखं काम, पण वाचताना प्रत्येक नावामागे 'सध्या मुक्काम कुठे' हे शोधावं लागतं. असो. पण पत्ता बदलला म्हणून रागवायचं की बदललेला पत्ता लिहून ठेवायचा?

हेलिकोसायकीनं मात्र करमणूक केली. ही अळी वाळूचे कण चिकटवून हुबेहूब गोगलगायीच्या शंखासारखं गोल वळणाचं घर बांधते. १८३४ मध्ये आयझॅक ली या अमेरिकन शंखतज्ज्ञानं तिला चक्क गोगलगाय म्हणूनच नाव दिलं, व्हाल्व्हाटा अरेनिफेरा, म्हणजे वाळू बाळगणारी. त्याला वाटलं गोगलगाय आपल्या शंखावर वाळू चिकटवते! ही गोष्ट भाचीनं मला चहा पिताना सांगितली आणि सांगता सांगता थांबली. १९७८ च्या यादीत 'लहान गोगलगायी' अशी एक नोंद होती. त्या प्रबंधाच्या बाटल्या कॉलेजच्या एका कपाटात अजून होत्या. काहींतलं स्पिरिट उडून गेलेलं, पण आत पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या शाबूत. (पेन्सिलच लागते, शाई स्पिरिटमध्ये विरघळते.) गोगलगायींची बाटली भिंगाखाली ओतली. निम्म्या वाळूच्या निघाल्या. म्हणजे हेलिकोसायकी काल आलेली नाही, तेव्हाही होती, फक्त दुसऱ्याच खातेवहीत.

राहिलं गोएरोडेस.

हा एका मोठ्या सफाईतला वंश. या कुलातल्या नरांच्या मिशांच्या बुडाशी आणि तोंडाजवळच्या स्पर्शकांवर चित्रविचित्र खवले, गाठी, केसांचे झुपके असतात. प्रत्येक नवा नमुना इतका वेगळा दिसायचा की लोक एकेका जातीसाठी स्वतंत्र वंश काढत गेले, आशियात तर फारच. २००२ मध्ये वीव्हर यांनी यातले बरेच वंश, गोएरोडेस धरून, लेपिडोस्टोमा या एकाच नावाखाली आणले. नराचा नट्टापट्टा म्हणजे घराणं नव्हे, हे मला पटतं. मात्र त्यामुळे लेपिडोस्टोमा हे आता शेकडो जातींचं भलंमोठं एकत्र कुटुंब झालंय, आणि अशी कुटुंबं पुढे कधीतरी वाटण्या मागतातच, हा माझा कचेरीतला अनुभव.

तर आम्ही 'गोएरोडेस ऊर्फ लेपिडोस्टोमा' असं लिहून नव्या नमुन्यांत लेपिडोस्टोमा शोधायला बसलो. नाही. भाचीनं दोन हंगामांच्या सगळ्या बाटल्या पुन्हा बघितल्या. नाही. जुन्या बाटलीत मात्र पानांच्या तुकड्यांची चौकोनी घरं स्पष्ट दिसत होती, म्हणजे १९७८ ची नोंद बरोबर होती. या अळ्या ओढ्यात पडून कुजणारी पानं खातात, आणि त्याच पानांचं घर करतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला आता प्लॉट पडलेत, रस्ता झालाय, काठावरची झाडं गेलीत. पान पडायला झाड लागतं. कारण हेच, असं भाची अजून म्हणत नाही, शेजारचे दोन ओढे बघितल्याशिवाय म्हणणारही नाही. पण ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस कीटकांवरून पाण्याला गुण द्यायची जी पद्धत निघाली, तिच्यात या कुलाला १० पैकी १० आहेत आणि माक्रोस्टेममच्या कुलाला ५. हा प्राणी घाणीत तग धरणाऱ्यांतला नव्हे.

म्हणजे हिशोब असा झाला. तीन गेले नव्हते आणि तीन आलेही नव्हते. दोघांची फक्त नावं बदलली होती, एक गोगलगायींत बसला होता, आणि एक खरोखर गेला होता. नावांचा गुंता सोडवला नसता तर तो एक त्या तिघांत मिसळून गेला असता.

आता अडचण पुढची. तो लेपिडोस्टोमा कुठल्या जातीचा होता? अळीवरून जात सांगता येत नाही, निदान आपल्याकडच्या बहुतेक कॅडिसच्या बाबतीत तरी. ती ठरते प्रौढ नराच्या पोटाच्या अगदी शेवटच्या टोकावरून, तेही क्षारात उकळून साफ केल्यावर. (हसू नका, जगभर असंच करतात.) हल्ली डीएनएवरून अळी आणि प्रौढ यांची जोडी लावता येते, पण या बाटल्या आधी फॉर्मलिनमध्ये होत्या, त्यातून धड काही निघणं कठीण. मग जुना उपाय. कोष पिकत आला की त्याच्या आत प्रौढ नराचे अवयव तयार झालेले असतात आणि अळीची टाकलेली कातही घराच्या कोपऱ्यात दाबून बसलेली असते. माहेर आणि सासर दोन्ही एका पेटीत.

जुन्या बाटलीत १४ घरं आहेत. तेरांची तोंडं उघडी, आत अळ्या. एकाची दोन्ही तोंडं रेशमानं बंद केलेली, म्हणजे आत कोष. तो पिकलेला असेल, आणि नर असेल, तर नाव मिळेल. कच्चा असेल, किंवा मादी निघाली, तर घर फुटलेलं आणि हाती काही नाही. गाईड म्हणाले, आधी डिसेंबरात शेजारच्या ओढ्यांवर पांढरी चादर आणि दिवा लावून या, तिथे नर मिळाला तर या पेटीला हात लावायची गरज पडणार नाही.

भाचीनं ती बाटली वेगळी काढून, ताजं स्पिरिट भरून, टेबलाच्या खणात ठेवली आहे. चिठ्ठीवर अजून 'गोएरोडेस' एवढंच आहे. मी म्हटलं, नवं नाव लिहू का? म्हणाली, "जुनी चिठ्ठी काढायची नसते मावशी. दुसरी लिहून तिच्या शेजारी टाकायची." मी पेन्सिलीला टोक काढून दिलं.