आमचे आडनाव कुणी लिहिले?

"तुमचे मूळ आडनाव काय?" हा प्रश्न महाराष्ट्रात अगदी साळसूदपणे विचारला जातो. विचारणाऱ्याला आडनावात रस नसतो, जातीत असतो. आडनावावरून जात कळली नाही की गाव विचारायचे, गावावरून कळले नाही की पाहुणे विचारायचे. आमचे आडनाव गावाच्या नावापुढे 'कर' लागून झालेले आहे. त्यामुळे समोरच्याची पंचाईत होते आणि तो 'मूळ'कडे वळतो. म्हणून या लेखात आम्ही आमचे आडनाव लिहिणार नाही. ते वाचून वाचकाने आमचा निकाल लावावा, त्यापेक्षा मुद्दा वाचून लावावा.

आम्ही म्हणजे सोलापूरच्या सात रस्त्याजवळ राहणारी तीन भावंडे. पुतणीच्या जात पडताळणीसाठी कागद गोळा करायला लागलो, तेव्हा आमच्या घराला तीन नावे असल्याचे पुढे आले. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. पुरावे आमच्याकडे होते, पण प्रत्येकावर वेगळे नाव. एका कार्यालयातील कर्मचाऱ्याने ते तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले आणि विचारले, "ही तीन वेगळी माणसे नाहीत, हे कशावरून?"

प्रश्न बोचरा होता, पण त्याचे उत्तर शोधताना जे सापडले ते एका घराचे नाही. म्हणून लिहितो आहोत.

पहिला कागद गिरणीचा. आमचे पणजोबा जुन्या मिलमध्ये होते. मोरारजी गोकुळदासांनी १८७०च्या दशकात उभी केलेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, तीच सोलापूरकरांची जुनी मिल. मुरारजी पेठ हे नाव त्या शेठजींच्या नावावरून पडले. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांचा पितळी बिल्ला निघाला. त्यावर नंबर आहे, नाव नाही. बिल्ल्यासोबत पगाराची एक जीर्ण चिठ्ठी होती. तिच्यावर पणजोबांचे आडनाव 'कांबळे' असे आहे.

दुसरा कागद नगरपालिकेच्या शाळेचा. १९३७ साली आजोबांचे नाव दाखल झाले. पालकाचा धंदा गिरणी कामगार, जात महार, जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रातल्या हजारो गोरगरिबांची पोरे १ जूनला जन्मली, कारण मास्तरला शाळेच्या वर्षाचे गणित जमवायचे होते. तिथे आडनाव मात्र कांबळे नाही. तिथे पहिल्यांदा गावाचे नाव आणि पुढे 'कर' आला.

तिसरा कागद मोहोळकडच्या गावाचा. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूचे रजिस्टर, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. नोंदी मोडीत. मोडी वाचणारा जाणकार गाठून आम्ही त्या वाचून घेतल्या. आजोबांच्या जन्माच्या नोंदीत आजोबांचे नावच नाही. 'मुलगा' एवढेच आहे, बापाचे नाव आहे, 'वल्द' म्हणून त्याच्या बापाचे नाव आहे आणि शेवटी 'महार'. आडनाव कुठेच नाही. गावच्या दप्तराला आमची जात पुरेशी होती.

त्याच बुकात मागे जाताना ऑक्टोबर १९१८ची पाने लागली. इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात शिगेला पोचली होती तो महिना. पानभर मृत्यू आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: ताप, ताप, ताप. त्यात एक ओळ पणजोबांच्या आईची. 'अमक्याची बायको, महार, ताप.' तिचे स्वतःचे नाव तिथे नाही. घरात कुणाला आठवत नाही. पुरुषांना निदान 'वल्द' मिळाला, तिला तोही नाही. आडनाव बदलले म्हणून इतिहास हरवला असे म्हणणाऱ्यांनी ही ओळ पाहावी. इथे हरवायला नावच नव्हते.

आता प्रश्न असा, की कांबळे कुठून आले आणि 'कर' कुठून आले?

गावात असेपर्यंत आडनावाची गरजच नव्हती. वेसकर, तराळ ही कामाची नावे होती. वतनाच्या जमिनी तर कितीतरी गावांत 'समस्त महार' अशाच नोंदलेल्या आहेत. माणसे मेली, जन्मली, वाटण्या झाल्या, पण दप्तरात 'समस्त' कायम राहिले. गिरणीच्या हजेरीपटावर मात्र एकाच नावाचे चार जण आले की चालत नाही. तिथे आडनाव लागते. आजोबांची धाकटी बहीण, आमची मोठी आत्या, सांगायची की तिच्या वडिलांना आडनाव कुणी विचारलेच नाही. मुकादमाने जात विचारली आणि कारकुनाने कांबळे लिहिले. कांबळे आडनावाच्या घरांना आपला इतिहास आहे आणि त्याचा आम्हाला आदर आहे. पण आमच्या घरापुरते ते आडनाव कारकुनाच्या दौतीतून आले.

गिरणीत सगळी खाती सगळ्यांना खुली नव्हती, हेही लक्षात घ्यावे. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्याला मज्जाव. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना याच मुद्द्यावर धारेवर धरले. पुढे १२-१३ फेब्रुवारी १९३८ला मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू असल्याचे त्यांनी बजावले. आमचे पणजोबा जन्मभर कताईकडेच राहिले. लाल बावट्याच्या मिरवणुकीत सगळे कामगार एक होते, हजेरीपटावर नव्हते.

मग शाळेत नाव का बदलले? आत्याचे उत्तर साधे होते: "बाप म्हणाला, मिलनं दिलेलं नाव मिलमध्ये राहू दे. पोराला गावाचं नाव लाव."

काही जण म्हणतील, ही जात लपवण्याची युक्ती. पण त्याच रकान्याशेजारी जात 'महार' म्हणून स्वच्छ लिहिलेली आहे. लपवणारा माणूस तेही लिहू देत नाही. आमच्या मते हा हक्क सांगण्याचा प्रकार होता. ज्या गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच गावाचे नाव महाराच्या पोराने आडनाव म्हणून लावायचे आणि शहरात मिरवायचे. ही सोय पाटलाला होती, कुलकर्ण्याला होती, मग आम्हाला का नको? पुढचे उदाहरणही डोळ्यांसमोर होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकाला 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झाले. घराणे सकपाळांचे, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. सकपाळ हे मूळ आणि आंबेडकर हे बदललेले, म्हणून आंबेडकर हे नाव खोटे असे कुणी म्हणायला धजेल का? नाव खरे ठरते ते ते नाव घेऊन माणसाने काय केले यावरून.

आपल्यातलेही काही कार्यकर्ते 'मूळ आडनावाकडे चला' असे आवाहन करतात. त्यांना आमचा प्रश्न आहे: कोणत्या मूळाकडे? कोतवाल बुकातल्या 'महार'कडे? हजेरीपटावरच्या कारकुनाकडे? मुळाच्या शोधात आपण पुन्हा त्याच दप्तराच्या दारात जाऊन उभे राहणार असू, तर १४ ऑक्टोबर १९५६ला आपल्या आजोबांनी काय मागे टाकले हे आपल्याला समजलेले नाही.

आता त्या 'तीन माणसां'चे उत्तर. ते वतनाच्या कागदात सापडले. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले होते. ती वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८च्या कायद्याने. त्यानंतरच्या फेरफारात हिस्सेदारांची नावे लिहिताना तलाठ्याने पणजोबांसाठी तीनही गोष्टी एका ओळीत घेतल्या: वल्द, कांबळे आणि 'उर्फ' लिहून गावावरचे आडनाव. जमीन कसायला मिळाली नाही. वाट्याला आला तो हा एक 'उर्फ'. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राला तोच जोडला आणि पुतणीचे काम झाले. पण ज्यांच्या घरात असा 'उर्फ' नाही, त्यांनी काय करावे?

हा प्रश्न आम्ही सरकारला विचारतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभरची जुनी दप्तरे उघडली, मोडी जाणकार बसवले, कागद स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकले. जुन्या नोंदी उजेडात येण्याला आमचा विरोध नाही. पण याच बुकांत, याच पानांवर आमच्याही नोंदी आहेत. कुणब्याची ओळ शोधताना ज्या ओळीवरून बोट पुढे सरकले, ती ओळही याच राज्यातल्या नागरिकाची आहे. मग ते काम तिच्यासाठी का होऊ नये? आमच्या पोरांनी तालुक्याला खेटे का घालावेत?

गिरण्यांच्या दप्तराचीही तीच गत. जुनी मिल ऑगस्ट १९४९मध्ये बंद पडली. जानेवारी १९५०मध्ये सरकारने वटहुकमाने तिचा कारभार हाती घेतला, तेव्हा भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी यांचा १९५०चा खटला आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. एका भागधारकाचे नाव घटनेच्या पुस्तकात अमर झाले. बंदीने ज्यांच्या चुली विझल्या त्यांची नावे हजेरीपटावर होती. त्या पटांची विचारपूस कुणी केली?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. कोतवाल बुके, नगरपालिकेच्या शाळांची जनरल रजिस्टरे, वतनाचे फेरफार आणि गिरण्यांचे जे उरले असेल ते दप्तर, सगळ्या जातींसाठी सारखेच स्कॅन करा आणि खुले करा.

आणि आपल्या लोकांना विनंती. कागदाची वाट पाहू नका. घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल तर आजच वही घेऊन बसा. पणज्याचे नाव, गाव, गिरणी, खाते लिहून घ्या. आणि आधी बायकांची नावे लिहा. पुरुषांचे निदान 'वल्द' दप्तरात सापडेल, त्यांचे काहीच सापडणार नाही. आत्याला आम्ही वेळेत विचारले म्हणून हा लेख लिहिता आला. पणजोबांच्या आईचे नाव विचारायला मात्र आता कुणीच शिल्लक नाही.

आमच्या वंशावळीत तिच्या जागी आम्ही रेघ सोडली आहे. ती जागा आम्ही मिटवणार नाही.

जय भीम!